१,३४७ वॉर्निंग आणि एक नल: तुम्ही काय करता?

अर्धविराम
आमचा सी शार्प या भाषेतला एक प्रकल्प आहे, वय वर्षे सहा. गेल्या आठवड्यात मला काय हुक्की आली कोण जाणे, प्रोजेक्ट फाइलमध्ये 'नलेबल' ही सेटिंग (कुठे नल, म्हणजे 'काहीच नाही', येऊ शकतं ते कंपाइलर सांगतो) चालू केली आणि बिल्ड मारला. एरर शून्य. वॉर्निंग १,३४७.

चाळून पाहिलं तर बहुतेक सगळ्या दोनच जातींच्या. एक सीएस८६०२, म्हणजे 'हे नल असू शकतं आणि तू बिनधास्त टिंब देऊन त्याच्या आतलं मागतो आहेस'. दुसरी सीएस८६१८, म्हणजे 'कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट घडवणारा कोड) संपला, पण ही प्रॉपर्टी रिकामीच राहिली'.

टीममध्ये तीन पक्ष पडलेत. पहिला म्हणतो, जिथे वॉर्निंग तिथे 'इफ नल' टाका आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, पुढे उद्गारचिन्ह टाकलं की कंपाइलर गप्प बसतो, संध्याकाळच्या आत आकडा शून्यावर आणून दाखवतो. तिसरा म्हणतो, सेटिंग बंद कर, सहा वर्षं चाललंच होतं ना.

तिन्ही मला पटत नाहीत, पण का पटत नाहीत ते मीटिंगमध्ये धड सांगता आलं नाही. तुम्ही नल आणि या टाइपच्या वॉर्निंग कशा हाताळता? भाषा कुठलीही चालेल.

बिट्टू
तिसऱ्याला माझा दंडवत सांगा. दृष्टीआड सृष्टी.

कंपाइलरची_सासू
मला विचाराल तर सगळ्यात धोकादायक पहिला पक्ष. तिसरा आळशी आहे हे निदान दिसतं तरी. पहिला कामसू दिसतो.

एका जुन्या नोकरीतली गोष्ट. बिलं काढणारी एक क्लास होती. त्यात `बिल.ग्राहक.करप्रकार` असं काहीसं वाचताना अधूनमधून नल पॉइंटर एक्सेप्शन (नलला टिंब दिल्यावर काम थांबवणारी चूक) यायचं. कोणीतरी वर एक ओळ घातली, करप्रकार नल असेल तर मुकाट परत फिर. एक्सेप्शन बंद, सगळे खूश. तीन महिन्यांनी हिशोब जुळेना, तेव्हा उलगडा झाला. ज्यांचा करप्रकार भरलाच गेला नव्हता त्यांची बिलं कर न लावताच जात होती. मूळ चूक कुठे? नोंदणीच्या फॉर्ममध्ये. तिथला एक रकाना सेव्हच होत नव्हता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. ती ओळ घातली नसती तर पहिल्याच आठवड्यात बोंब झाली असती.

तेव्हापासून नल जिथे फुटतो तिथे मी औषध लावत नाही. तो जिथून आत शिरला ते दार शोधते. कन्स्ट्रक्टरमध्येच तपासायचं आणि नसेल तर तिथेच एक्सेप्शन फेकायचं. जावा ७ पासून ऑब्जेक्ट्स क्लासमध्ये 'रिक्वायर नॉन नल' आहे ते याचसाठी.

घुबड
@सासूबाई, +१. रात्रपाळीवाल्याच्या नजरेतून एक भर घालतो. एक्सेप्शन आलं तर निदान स्टॅक ट्रेस (चूक कुठल्या वाटेने आली त्याचा माग) मिळतो. गुपचूप परत फिरणाऱ्या मेथडचा पत्ता रात्री तीन वाजता कोणालाच लागत नाही.

कोबोलआजोबा
थोडा इतिहास, म्हाताऱ्याचा हक्क समजा. १९६५ साली टोनी होअर अल्गॉल डब्ल्यू या भाषेसाठी रेफरन्सची व्यवस्था बांधत होते. रेफरन्सचा प्रत्येक वापर सुरक्षित असावा आणि ती खात्री कंपाइलरने आपोआप करावी, हा त्यांचा हेतू. पण नल घालणं इतकं सोपं होतं की मोह आवरला नाही. २००९ मध्ये लंडनच्या क्यूकॉन परिषदेत त्यांनी त्याची जाहीर कबुली दिली आणि याला स्वतःची 'अब्ज डॉलरची चूक' म्हटलं. क्विकसॉर्ट देणारा माणूस हा. एवढ्या मोठ्या माणसाचाही हात सोप्या गोष्टीपाशी घसरला, मग अर्धविराम यांच्या टीममधल्या उद्गारचिन्हवाल्याला काय बोल लावायचा?

तिरकस
आजोबा, ही गोष्ट प्रत्येक धाग्यावर येते आणि प्रत्येक वेळी लोक त्यातून चुकीचाच बोध घेतात. नल नसता तर आपण काय केलं असतं? वय माहीत नाही म्हणून −१. तारीख नाही म्हणून १ जानेवारी १९००. नाव नाही म्हणून रिकामी स्ट्रिंग. आणि मग कोणीतरी त्या −१ ची सरासरी काढली असती. नल निदान फुटतो तरी. −१ हसतमुखाने बेरजेत जाऊन बसतो.

'नाही' म्हणण्याची सोय असणं ही चूक नव्हे. 'ग्राहक' असं टाइपचं नाव लिहिलं की त्यात 'ग्राहक किंवा काहीच नाही' हे न सांगता गृहीत धरलं गेलं, ही चूक. तुम्ही लिहिता एक, भाषा वाचते दुसरंच.

नवशिकी
एक बाळबोध प्रश्न विचारू का? रिकामी स्ट्रिंग, शून्य आणि नल वेगळे आहेत हे पाठ झालंय. पण नलवर टिंब दिलं की आत नक्की होतं काय? प्रोग्रॅमला कसं कळतं की इथे काही नाही?

कोबोलआजोबा
छान प्रश्न. बाळबोध अजिबात नाही. रेफरन्स म्हणजे शेवटी मेमरीतला एक पत्ता. नल म्हणजे बहुतेक ठिकाणी शून्य हा पत्ता. ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीचं अगदी पहिलं पान मुद्दाम कोणालाच देत नाही. त्यामुळे तिथे वाचायला गेलं की प्रोसेसरच अडवतो आणि ऑपरेटिंग सिस्टिमकडे तक्रार करतो. सी भाषेत त्याचा सेगमेंटेशन फॉल्ट होतो आणि प्रोग्रॅम मरतो. जावाचं हॉटस्पॉट यंत्र मात्र चलाख आहे. जिथे जमेल तिथे ते प्रत्येक टिंबाआधी तपासणी करत बसत नाही. प्रोसेसरला अडवू देतं, ती तक्रार मध्येच पकडतं आणि तिचं नल पॉइंटर एक्सेप्शन करून तुमच्या हाती देतं. नेहमीच्या, नल नसलेल्या वाटेवर तपासणीचा खर्च जवळपास शून्य.

नवशिकी
म्हणजे 'रिकामा डबा' नाही, 'डबाच नाही'. कळलं, धन्यवाद आजोबा 🙏

बिट्टू
आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. झालं, नल पॉइंटर एक्सेप्शनचं मराठी भाषांतर.

घुबड
या संदेशांवरून आठवलं. पूर्वी जावा फक्त 'अमुक ओळीवर एनपीई' (नल पॉइंटर एक्सेप्शन) एवढंच सांगायचं. त्या ओळीवर `ऑर्डर.ग्राहक().पत्ता().शहर()` अशी आगगाडी असली की कुठला डबा घसरला ते अंदाजानेच ठरवायचं. जावा १४ मध्ये (२०२०) नेमकं काय नल होतं ते संदेशात लिहून येण्याची सोय आली आणि १५ पासून ती आपोआप चालू असते. आयुष्यातली कित्येक वर्षं परत मिळाल्यासारखं वाटलं. मिळाली नाहीत, ती गोष्ट वेगळी.

सदाशिवशून्य
जावावाल्यांनी ऑप्शनलबद्दल अजून कसं कोणी काही बोललं नाही? जावा ८ मध्ये, २०१४ साली आलं. मेथड काही देईल किंवा देणार नाही, हे टाइपमध्येच उघड लिहिता येतं. नल हा विषयच संपला.

तिरकस
@सदाशिवशून्य, संपला? ऑप्शनल म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची. आमच्याकडे सगळे त्यावर न बघता 'गेट' मारतात (आतली किंमत सरळ मागतात) आणि मूठ रिकामी निघते. एनपीईच्या जागी 'नो सच एलिमेंट' एक्सेप्शन, एवढाच काय तो फरक. आणि ऑप्शनल परत करणाऱ्या मेथडने सरळ नल परत केल्याचंही मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

सदाशिवशून्य
तो ऑप्शनलचा दोष नाही. 'गेट'ऐवजी 'ऑर एल्स' किंवा 'मॅप' वापरा. पण हे मान्य की ते परत करायच्या किमतीसाठी आहे. लोक फील्डमध्ये आणि पॅरामीटरमध्येही घालतात, मग घोळ. ते सिरियलाइझेबलही (साठवण्या-पाठवण्याजोगं) नाही, यावरूनच कळावं की फील्डसाठी बनवलेलं नाही.

जावात माझा खरा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. मोठा 'इंटिजर' (ऑब्जेक्ट) नल असतो आणि तो छोट्या 'इंट'मध्ये (नुसत्या आकड्यात) ठेवायला गेलात की एनपीई. त्या ओळीवर एकही टिंब दिसत नाही! आणि हॅशमॅपचं (किल्ली-किंमत जोड्यांच्या साठ्याचं) 'गेट' नल देतं तेव्हा 'किल्लीच नाही' की 'किल्ली आहे पण किंमत नल' हे कळत नाही. या संदिग्धतेपायीच कॉन्करंट हॅशमॅप नल घ्यायला साफ नकार देतो. एकच समजूतदार क्लास.

मधली_वेलांटी
कोटलिन भाषेवाली बोलते. आमच्याकडे 'स्ट्रिंग' आणि 'स्ट्रिंग?' हे दोन वेगळे टाइप. पहिल्यात नल ठेवायला गेलात तर वॉर्निंग नाही, सरळ एरर. सुरुवातीला वैताग येतो, नंतर त्याशिवाय करमत नाही.

अर्धविराम, तुमच्या दुसऱ्या पक्षाला एक गोष्ट नक्की सांगा. कोटलिनचं दुहेरी उद्गारचिन्ह निदान त्याच जागी फुटतं. नल असेल तर तिथेच एक्सेप्शन. सी शार्पचं एकेरी उद्गारचिन्ह प्रोग्रॅम चालताना काही म्हणजे काहीच करत नाही. ते फक्त कंपाइलरच्या तोंडावर लावलेला हात. नल तसाच पुढे जातो आणि चार क्लास ओलांडून फुटतो.

कंपाइलरची_सासू
आमच्याकडे त्याला 'गप ए' ऑपरेटर म्हणतात.

नवशिकी
@मधली_वेलांटी, मग मला हे सांगा. मी कोटलिनमध्ये `जर (पत्ता != नल)` असं तपासून लगेच खालच्या ओळीवर `पत्ता.शहर` लिहिलं, तरी 'स्मार्ट कास्ट शक्य नाही' (तपासलं म्हणून नल नाही असं धरता येत नाही) म्हणतो. आत्ताच तर तपासलं ना!

मधली_वेलांटी
पत्ता हा क्लासमधला 'व्हार' (बदलता येणारा) असणार. तुम्ही तपासलं आणि वापरलं यांच्यामध्ये दुसऱ्या थ्रेडने तो नल केला तर? कंपाइलर हमी देऊ शकत नाही, म्हणून अडतो. आधी स्थानिक 'व्हॅल'मध्ये (न बदलणाऱ्या नावात) घ्या, ते तपासा, तेच वापरा.

सी शार्प इथे डोळेझाक करतं. तपासलं ना, मग असेल, असं म्हणून पुढे जातं. मधे तुम्ही ती प्रॉपर्टी नल करणारी मेथड हाक मारून आलात तरी त्याला पत्ता नसतो. व्यवहार म्हणून ठीक आहे, नाहीतर जुन्या कोडमध्ये १,३४७ च्या जागी १३,००० आल्या असत्या. पण वॉर्निंग नाही म्हणजे नल नाही, असं मात्र समजू नका.

कोटलिनमध्येही भोकं आहेत. जावातून आलेल्या गोष्टींचा टाइप 'असेलही, नसेलही' असा अधांतरी राहतो. आणि जीसन या लायब्ररीने जेसन (बाहेरून मजकूररूपात आलेला डेटा) वाचलं की ते कन्स्ट्रक्टरला वळसा घालून ऑब्जेक्ट बनवतं, त्यामुळे 'कधीच नल नाही' अशी पाटी लावलेल्या फील्डमध्येही नल सापडतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

घुबड
बाहेरून येणारा डेटा हाच खरा चोरदरवाजा. १२ जून २०२५ ला गूगल क्लाउड जगभर कोसळलं होतं ते आठवत असेल. त्यांनी स्वतःच अहवाल प्रसिद्ध केला. 'सर्व्हिस कंट्रोल' नावाच्या भागात कोटा तपासणारा नवा कोड घातला होता. त्यात चूक हाताळायची सोय नव्हती आणि तो फीचर फ्लॅगमागेही (हवा तेव्हा बंद करता येणाऱ्या बटणामागेही) ठेवलेला नव्हता. त्या दिवशी काही रिकामे रकाने असलेली एक पॉलिसी टेबलात आली, काही सेकंदांत जगभर पसरली, आणि प्रत्येक प्रदेशातला प्रोग्रॅम त्याच रिकाम्या रकान्यावर नल पॉइंटर खाऊन पडत राहिला. उठला की पुन्हा तेच.

तिथे लोक कच्चे नाहीत. कोड आधीच सगळीकडे पोचला होता, पण ती वाट कोणी चाललंच नव्हतं.

तर्कट
इतका वेळ नुसता वाचत होतो. @तिरकस यांच्या 'नाही म्हणण्याची सोय' या शब्दांनी आमची खोड जागी केली.

वैशेषिक दर्शनाच्या आचार्यांनी अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला, सातवा. त्याचे चार प्रकार केले. ते मी कोड रिव्ह्यूमध्ये गेली काही वर्षं वापरतो आहे. हसू नका.

प्रागभाव: मडकं घडण्याआधीचं मडक्याचं नसणं. ऑब्जेक्ट झाला, पण डेटा अजून लोड व्हायचा आहे. कोटलिनचं 'लेटइनिट' ('नंतर भरीन' असं सांगणं) हेच. याला शेवट असतो, कारण मडकं घडणार आहे. अर्धविराम यांच्या सीएस८६१८ मधल्या बऱ्याचशा या घरातल्या निघतील. यावर उपाय बहुधा हा की मडकं घडल्याशिवाय बाजारात आणूच नका. सगळं कन्स्ट्रक्टरमध्ये मागा.

प्रध्वंसाभाव: मडकं फुटल्यानंतरचं नसणं. खातं डिलीट झालं, कनेक्शन बंद झालं. इथे 'होतं, आता नाही' ही माहिती महत्त्वाची असते आणि नल नेमकी तीच गिळतो. 'बंद' अशी अवस्था वेगळी ठेवा.

अत्यंताभाव: वाऱ्याला रंग नसतो. कधी नव्हता, कधी असणार नाही. ग्राहक कंपनी असेल तर तिची 'वैवाहिक स्थिती' नल. हा नल म्हणजे क्लास चुकल्याची खूण. व्यक्ती आणि संस्था अशा दोन क्लास करा, तो रकानाच उरणार नाही.

अन्योन्याभाव: घट म्हणजे पट नव्हे. हा मात्र नलचा विषय नाही. ही तुमची टाइपची वॉर्निंग आणि क्लास कास्ट एक्सेप्शन (एका टाइपला दुसराच समजल्याची चूक).

आणि सगळ्यात कामाची गोष्ट: नैयायिकांच्या (न्यायदर्शनवाल्यांच्या) मते अभाव नुसता नसतो, तो नेहमी कशाचा तरी असतो. घटाचा अभाव, पटाचा अभाव. ज्याचा अभाव, तो त्याचा प्रतियोगी. जावाच्या नलला प्रतियोगीच नाही. तोच नल ग्राहकाच्या जागी चालतो, बिलाच्या जागी चालतो. `स्ट्रिंग?` ला किंवा रिकाम्या ऑप्शनलला मात्र प्रतियोगी आहे: हा *स्ट्रिंगचा* अभाव. सगळी नल-सुरक्षा म्हणजे एवढंच.

बिट्टू
माझ्या पगारवाढीचा प्रागभाव आहे की अत्यंताभाव, ते एचआरला विचारून सांगतो.

सदाशिवशून्य
@तर्कट, हे भारी आहे. उद्यापासून रिव्ह्यूमध्ये 'हा कोणता अभाव?' एवढंच लिहीन.

कंपाइलरची_सासू
पण पाचवा प्रकार राहिला की, तर्कट. 'माहीत नाही.' मोबाइल नंबर असेल त्याच्याकडे, पण आपल्याकडे नोंद नाही.

तर्कट
तो वस्तूचा अभाव नव्हे, आपल्या ज्ञानाचा अभाव. दोन्हीला एकच नल लावला की घोटाळा. आणि हा घोटाळा बघायचा असेल तर एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) बघा.

विदाविहीर
कोणी हाक मारली? एसक्यूएलमध्ये नल म्हणजे 'माहीत नाही', म्हणून नल बरोबर नल विचारलं तर उत्तर खरंही नाही, खोटंही नाही, 'अज्ञात'. तर्काची दोन नाही, तीन उत्तरं. हे ज्याला माहीत नाही तो 'नॉट इन'च्या खड्ड्यात पडतोच. 'या यादीत नसलेले ग्राहक दाखव' असं विचारलं आणि यादीत एक जरी नल असला तर एकही ओळ परत येत नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही, निवांत रिकामं टेबल. मी एकदा तो रिपोर्ट 'एकही थकबाकीदार नाही' म्हणून वर पाठवला होता. अभिनंदनाची मेलही आली.

'नॉट एक्झिस्ट्स' वापरा. आणि 'काउंट'मध्ये रकान्याचं नाव दिलं तर नल मोजले जात नाहीत, तारा दिला तर सगळ्या ओळी मोजल्या जातात, हेही लक्षात असू द्या.

अवांतरवीर
जावास्क्रिप्टवाल्यांना बोलवा रे. त्यांच्याकडे नल आणि अनडिफाइंड अशी जुळी भावंडं आहेत, आणि नलचा टाइप विचारला तर भाषा सांगते 'ऑब्जेक्ट'.

काळापेटी
आलो. एक गंमत अशी: 'किंमत नसेल तर ठरलेली घे' यासाठी आम्ही वर्षानुवर्षं दोन उभ्या रेघा वापरल्या. आमच्या कोडमध्ये `सूट || १०` होतं. ज्याला शून्य टक्के सूट द्यायची त्याला दहा टक्के मिळत होती, कारण शून्यही 'नाही' धरलं जातं. २०२० मध्ये दोन प्रश्नचिन्हं आली, जी फक्त नल आणि अनडिफाइंडलाच 'नाही' मानतात. पायथॉनवाल्यांनी हसू नये. `इफ नॉट संख्या` लिहिणारे तुमच्यातही आहेत. `इज नन` लिहायला काय जातं?

पीएचपीपंत
आमचं दुःख वेगळं. पीएचपी ८.१ वर गेलो आणि लॉग भरून वाहू लागले. 'स्ट्रलेन'सारख्या अंगभूत फंक्शनला नल देणं जुनं झालं, पुढे चालणार नाही, अशा सूचना हजारोंनी. टीमने शोधून-बदलून सगळीकडे `?? ''` चिकटवलं. आता नल कुठून येतो ते कोणालाच कळत नाही.

मग पीएचपीस्टॅन हे कोड तपासणारं साधन लावलं. त्यात बेसलाइन म्हणून सोय आहे. आजच्या सगळ्या चुका एका फाइलमध्ये नोंदवायच्या. त्या माफ, पण उद्यापासून नवी एकही चालणार नाही. नल असू शकणाऱ्यावर मेथड मारली की तक्रार आठव्या पातळीला सुरू होते, तिथे हळूहळू चढलो. अर्धविराम, तुमच्या १,३४७ साठी हीच युक्ती करा. जुनं कर्ज गोठवा, नवं घेऊ नका.

रचनाकार_२
सी शार्पमध्ये बेसलाइन अशी आयती नाही, पण फाइलच्या वर '#नलेबल एनेबल' लिहून एकेक फाइल आणता येते. प्रोजेक्टची सेटिंग बंद ठेवा आणि ज्या क्लास दुसऱ्या कोणावर अवलंबून नाहीत त्यांच्यापासून सुरुवात करा. तळातली क्लास नीट झाली की वरच्या पन्नास वॉर्निंग आपोआप गळतात किंवा खऱ्या जागी सरकतात. वरून सुरू केलंत तर तेच काम तीनदा कराल. एखादा प्रोजेक्ट स्वच्छ झाला की त्यात नलच्या वॉर्निंगना एरर करून टाका, नाहीतर महिन्याभरात पुन्हा गवत.

सीएस८६१८ साठी सी शार्प ११ पासून 'रिक्वायर्ड' आहे, ऑब्जेक्ट बनवतानाच ती प्रॉपर्टी भरावी लागते. 'सापडलं तर खरं परत कर' अशा मेथडना 'नॉट नल व्हेन' लावा, म्हणजे कंपाइलरला तुमची भाषा कळेल आणि उद्गारचिन्हाची गरज पडणार नाही.

आणि हे ठळक वाचा: एंटिटी फ्रेमवर्क कोअर (क्लास आणि डेटाबेस जोडणारी लायब्ररी) वापरत असाल तर ही सेटिंग नुसत्या वॉर्निंगची नाही! ती चालू झाली की साधा 'स्ट्रिंग' म्हणजे डेटाबेसमध्ये 'नॉट नल' रकाना असं ते समजतं. पुढच्या मायग्रेशनमध्ये (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या कोडमध्ये) निम्मे रकाने सक्तीचे झालेले दिसतील. एएसपी डॉट नेट कोअर या वेब फ्रेमवर्कमध्येही नल न चालणारी प्रॉपर्टी आपोआप 'आवश्यक' धरली जाते, म्हणजे कालपर्यंत चालणाऱ्या रिक्वेस्टला आज ४०० ('चुकीची विनंती'). आम्ही हे शुक्रवारी संध्याकाळी शिकलो.

अर्धविराम
@रचनाकार_२, बापरे. मी उद्या मायग्रेशन काढणार होतो. तुमचे उपकार.

कोबोलआजोबा
टाइपच्या वॉर्निंगवर फारसं कोणी बोललं नाही म्हणून एक. जावात २००४ साली जेनेरिक्स (लिस्ट कशाची ते टाइपमध्ये लिहायची सोय) आली तेव्हा जुनं कोड मोडू नये म्हणून टाइपची माहिती कंपाइल झाल्यावर पुसली जाते. त्यामुळे नुसती 'लिस्ट' लिहिली की 'अनचेक्ड' वॉर्निंग येते. आमच्या एका हुशार सहकाऱ्याने अख्ख्या क्लासवर 'सप्रेस वॉर्निंग्ज' लावलं. पुढे त्या स्ट्रिंगच्या लिस्टमध्ये कोणीतरी आकडा सारला. घालताना कुठेही खुट्ट नाही. क्लास कास्ट एक्सेप्शन आलं वाचताना, तेही अशा ओळीवर जिथे कास्ट लिहिलेलाच नव्हता, कारण तो कंपाइलरने स्वतः घातलेला. दोन दिवस गेले. वॉर्निंग दाबायचीच असेल तर एका ओळीपुरती दाबा आणि शेजारी कारण लिहा.

तिरकस
आजोबांशी पहिल्यांदाच शंभर टक्के सहमत. धागा बंद करावा काय?

अवांतरवीर
बंद कसला, नल ऑब्जेक्ट पॅटर्न राहिला. नलऐवजी 'पाहुणा ग्राहक' नावाचा खोटा ऑब्जेक्ट द्यायचा, जो सगळ्या मेथडना शांतपणे उत्तर देतो.

कंपाइलरची_सासू
लॉगरसाठी उत्तम. बिलासाठी नको. पाहुण्या ग्राहकाच्या नावावर खरं बिल फाटलं की कळेल. शांतपणे उत्तर देणं हाच तर माझ्या पहिल्या गोष्टीतला रोग होता.

अर्धविराम
तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय, हिशोब द्यायला.

१,३४७ वरून २१२ वर आलो. रचनाकार_२ यांच्या सांगण्याप्रमाणे तळापासून चढलो. साधारण निम्म्या वॉर्निंग निव्वळ प्रागभाव होत्या: कन्स्ट्रक्टर लिहायचा कंटाळा. उद्गारचिन्ह एकूण नऊ जागी राहिलं आहे, प्रत्येकाशेजारी कारण लिहिलंय.

खरे बग चार सापडले. त्यातला एक सांगण्यासारखा. रजेचा अर्ज कर्मचाऱ्याच्या व्यवस्थापकाकडे जातो. `कर्मचारी.व्यवस्थापक` वर वॉर्निंग आली. दुसरा पक्ष म्हणाला, सगळ्यांना व्यवस्थापक असतोच, टाका उद्गारचिन्ह. मी तर्कटांचा प्रश्न विचारला, हा कोणता अभाव? आणि लक्षात आलं की सगळ्यात वरच्या माणसाला व्यवस्थापक नसतोच. अत्यंताभाव! डेटाबेस उघडून पाहिला तर त्या एका माणसाचे चार वर्षांतले सतरा अर्ज 'प्रलंबित'. एक्सेप्शन कुठल्याशा कॅच ब्लॉकने (एक्सेप्शन पकडणाऱ्या कोडने) गिळलं होतं. त्यांना जाऊन विचारलं तर म्हणाले, "मला वाटलं माझं असंच असतं." रजेवर मात्र ते सतराही वेळा गेले होते.

घुबड
तो कॅच ब्लॉक लिहिणाऱ्याचं नाव गिटमध्ये (कोणी काय बदललं त्याच्या नोंदवहीत) बघितलंत का?

अर्धविराम
बघितलं. मीच.

बिट्टू
😂😂 आणि 'सेटिंग बंद कर' म्हणणाऱ्या माझ्या माणसाचं काय झालं?

अर्धविराम
तो उरलेल्या २१२ काढतोय. काल त्याने तिसऱ्या पक्षातून राजीनामा दिला आणि माझ्या पुल रिक्वेस्टवर तीन ठिकाणी 'कोणता अभाव?' लिहून ठेवलंय.